खेळाडूला जामीन मिळाला म्हणजे तो निर्दोष सुटला?

एखाद्या क्रिकेटपटूवर किंवा पैलवानावर गुन्हा दाखल झाला, मग जामीन झाला, की लगेच फॉरवर्ड फिरतो: "कोर्टाने क्लीन चिट दिली, मीडियाने उगाच बदनाम केलं."

असं वाटणं साहजिक आहे, कारण टीव्हीवर "मोठा दिलासा" अशी पट्टी असते आणि खाली हार घातलेला फोटो. पण जामिनाच्या वेळी कोर्ट मुख्यतः बघतं की माणूस पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुराव्यात फेरफार करेल का. गुन्हा केला की नाही हे ठरतं नंतर, साक्षीपुरावे झाल्यावर, आणि त्याला कधीकधी वर्षं जातात. कधी तर पोलिसांनी 60 दिवसांत (गंभीर गुन्ह्यात 90) चार्जशीटच दिली नाही म्हणूनही जामीन मिळतो, तिथे पुराव्याचा विचारच झालेला नसतो! आणि उलटंही खरं, जामीन नाकारला म्हणजे दोषी ठरला असं नाही.

चेक करायचं तर ई-कोर्ट्सच्या साइटवर केसचा 16 अक्षरी-अंकी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाका किंवा पक्षकाराच्या नावाने शोधा. एक गोष्ट मात्र नीट बघा, जामीन अर्जाला वेगळा नंबर असतो, तो 'डिस्पोज्ड' (निकाली) दिसतो आणि त्याचाच स्क्रीनशॉट "केस संपली" म्हणून फिरतो, मूळ खटला मात्र 'पेंडिंग' असतो. बातमीत "निर्दोष मुक्तता" किंवा "दोषमुक्त" हे शब्द आहेत का, का फक्त "जामीन मंजूर", तेवढं वाचलं तरी बराच घोळ टळतो.