पार्श्वभूमी: कापलेला स्टॅम्प आणि दुसऱ्या डिस्कची भानगड

माळ्यावरचं खोकं खाली काढलं की दोन प्रश्न हमखास येतात. कॉमिक्स हातात आली की, याचे किती येतील हो? आणि प्लेस्टेशनच्या सीड्या निघाल्या की, हे आता कंप्युटरवर चालेल का, आणि चाललंच तर दुसरी डिस्क कुठनं घालायची? माझ्या घरी दोन्ही एकाच खोक्यातनं निघालं म्हणून एकत्रच लिहितोय, पण नंतर बघाल की या दोन गोष्टींचा खरोखरच संबंध आलेला आहे, आणि तोही लिलावात.

आधी कॉमिक्स. १९७४ सालचा हल्कचा १८१ नंबरचा अंक घ्या, वुल्व्हरिन पहिल्यांदा नीट दिसतो तो हा (१८० च्या शेवटच्या पानावर नुसती झलक आहे), त्यामुळे याला भाव भयंकर. आता गंमत अशी की त्या वर्षी मार्व्हलनं आपल्या अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर पोस्टाच्या तिकिटासारखं एक छोटं चित्र छापायला सुरुवात केली होती, मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प म्हणायचे त्याला, कात्रीनं कापा आणि पुस्तिकेत चिकटवा अशी ती योजना. पोरांनी कापलं, कापायलाच तर सांगितलेलं. आज तोच अंक कुणाकडे निघाला, कव्हर चकचकीत, कोपरे धारदार, पिनांना गंज नाही, आणि आत उघडून बघावं तर त्या पानाला एक चौकोनी खिडकी आणि त्यातनं मागचं पान दिसतंय. संपलं. भाव जो कोसळतो तो विचारू नका. म्हणून हा अंक घेणारा जाणकार कव्हर बघतच नाही आधी, सरळ पत्रांचं पान उघडतो आणि मग सगळी पानं मोजतो.

जुन्या कॉमिक्सच्या भावाचं सगळं गणित इथेच आहे बघा. वस्तू वापरून संपवायची होती, बहुतेकांनी तशी संपवली, आणि ज्या थोड्यांनी नाही संपवली त्यांच्याकडचे नग महाग झाले. १९३८ साली ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक आला, सुपरमॅन त्यात पहिल्यांदा आला, किंमत १० सेंट. वर्तमानपत्राचाच स्वस्त कागद, त्या कागदात मुळातच आम्ल असतं त्यामुळे तो आपोआप पिवळा पडतो आणि मग कडकडीत होऊन पापडासारखा तुटतो. त्यात दुसरं महायुद्ध आलं आणि अमेरिकेत युद्धासाठी रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, पोरांनी देशभक्ती म्हणून आपली कॉमिक्स त्यात घातली. उरलेली आयांनी साफसफाईत काढली, हे जगात सगळीकडे सारखंच.

बरीच वर्षं भाव म्हणजे दुकानदार सांगेल तो. १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीटनं किमतींचं पुस्तक काढलं आणि पहिल्यांदा सगळ्यांना दाखवता येईल असं काहीतरी हातात आलं. त्यात ॲक्शनच्या पहिल्या अंकाला ३०० डॉलर लिहिले होते, लोकांना तेव्हा तेच जास्त वाटले असणार. मग १९७७ मध्ये कोलोरॅडोतल्या चक रोझॅन्स्की नावाच्या दुकानदाराला एडगर चर्च या चित्रकाराच्या घरातला साठा मिळाला, हजारोंनी जुनी कॉमिक्स, एकावर एक दाबून रचलेली, तिथली हवा कोरडी आणि थंड त्यामुळे आतली पानं अजून पांढरी. यालाच माइल हाय कलेक्शन म्हणतात. जुना अंक इतका कोरा करकरीत राहू शकतो हेच लोकांनी पहिल्यांदा बघितलं, आणि मग चांगल्या अवस्थेला वेगळे पैसे मोजायची सवय पक्की झाली.

नव्वदच्या सुरुवातीला मात्र सगळ्यांच्याच डोक्यात गेलं. १९९१ चा एक्स-मेन नंबर १ पाच वेगवेगळ्या कव्हरांसकट निघाला आणि ८० लाखांच्या वर प्रती छापून गेल्या, पुढच्या वर्षी सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद आला आणि लोकांनी एक वाचायला आणि चार ठेवायला असे घेतले. अरे पण सगळ्यांनीच जपून ठेवलं तर दुर्मिळ काय होणार डोंबल? बाजार बसला, दुकानं बंद पडली, आणि १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हल दिवाळखोरीत गेली. अजूनही कुणीतरी ती काळी पिशवी घेऊन येतो आणि विचारतो, फोडलेली नाहीये हं. त्याला काय सांगणार.

२००० साली सीजीसी आली. अंक त्यांच्याकडे पाठवायचा, ते ०.५ ते १० मध्ये आकडा देतात आणि कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद करून देतात, स्लॅब म्हणतात त्याला. निळं लेबल म्हणजे साधं, जांभळं म्हणजे कुणीतरी रंग भरलाय, चिकटवलंय, डागडुजी केलीये. जांभळं दिसलं की गिऱ्हाईक मागे सरतं. इंटरनेटवर विक्री वाढत होती, फोटो बघून हजारो डॉलर कोण देणार, त्यामुळे या आकड्याला बाजार आयता मिळाला. स्पायडरमॅन जिथे पहिल्यांदा आला तो १९६२ चा अमेझिंग फँटसी १५, त्याची ९.६ ची प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली, आणि ॲक्शन नंबर १ ची ८.५ ची प्रत २०२४ मध्ये ६० लाखांना. आणि हा अंक आता कुणी उघडून वाचू शकत नाही, प्लास्टिक फोडलं की आकडा गेला.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स होती, टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनानं १९६४ मध्ये सुरू केलेली, मराठीतही निघायची, वेताळ आणि मॅन्ड्रेक, मग १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर, आणि १९९० ला बंद. इथे स्लॅब वगैरे काही नाही, इथे भाषा वेगळी, कव्हर आहे का, पानं पूर्ण का, पेनानं नाव लिहिलंय का, कोडं सोडवून ठेवलंय का. आमच्या काकांनी तर वीसेक अंक मोठ्या प्रेमानं बाईंडिंग करून घेतले, पुठ्ठा, कापडी पाठ, सगळं झकास, आणि बाईंडरनं तिन्ही बाजू कटिंग मशीनवर सरळ करून दिल्या. म्हणजे वाचायला एकदम मजबूत, विकायला शून्य. काकांना अजून सांगितलेलं नाही.

आता गेम्स. २०२१ च्या जुलैत सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, हेरिटेज या लिलाववाल्यांकडे, म्हणजे तेच जे कॉमिक्स विकतात, आणि पद्धतही तीच, आकडा आणि प्लास्टिकची पेटी. गेम जो कधीही खेळला जाणार नाही. मला स्वतःला हे पचत नाही. कॉमिकचं निदान कव्हर तरी बघता येतं, गेमचं काय बघणार, पुठ्ठा?

पण त्याच काळातल्या गेम्सना दुसरे वारसदारही मिळाले, वस्तू सोडून आतला मजकूर वाचवणारे, म्हणजे इम्युलेटरवाले (जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम कंप्युटरवर चालवणारा प्रोग्राम म्हणजे इम्युलेटर). तिथे डिस्कची भानगड कुठून आली ते बघा. निन्टेन्डो ६४ ची कार्ट्रिज जास्तीत जास्त ६४ एमबीची, आणि सोनीच्या प्लेस्टेशनची (जपानात डिसेंबर १९९४) सीडी साधारण ६५० एमबीची, छापायलाही स्वस्त. म्हणून स्क्वेअर कंपनी निन्टेन्डोला सोडून सोनीकडे गेली आणि १९९७ मध्ये फायनल फँटसी सेव्हन तीन सीड्यांवर आला. तीन कशाला, तर व्हिडिओ. गावं, नकाशा, लढाया हे तिन्ही डिस्कवर जवळपास तेच परत परत भरलेलं आहे, बदलतात ते मुख्यतः मधले सिनेमे. पुढचे दोन भाग चार-चार डिस्कचे, रिव्हन नावाचा दुसरा एक गेम पाच डिस्कचा. उलट रेसिडेंट ईव्हिल टू प्लेस्टेशनवर दोन डिस्कचा होता आणि १९९९ मध्ये कुणीतरी तो पिळून पिळून निन्टेन्डोच्या एका ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये व्हिडिओसकट बसवून दाखवला, याला म्हणतात कारागिरी.

इम्युलेटरची कोर्टकचेरीही झाली. १९९९ मध्ये कनेक्टिक्सनं मॅकसाठी आणि ब्लीमवाल्यांनी विंडोजसाठी प्लेस्टेशनचे इम्युलेटर चक्क विकायला काढले, प्लेस्टेशन अजून दुकानात असताना. सोनीनं दोघांवर खटले घातले. कनेक्टिक्सच्या खटल्यात २००० मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टानं सांगितलं की असा इम्युलेटर बनवण्यासाठी बायॉसची (मशीनच्या आत बसवलेल्या मूळ प्रोग्रामची) कॉपी करून अभ्यास करणं चालतं, म्हणजे सोनी हरली, आणि मग सोनीनं काय केलं तर २००१ मध्ये ते प्रॉडक्ट विकतच घेतलं आणि बंद करून टाकलं. ब्लीम खटल्यांच्या खर्चानं त्याच वर्षी गेली. पण कोर्टानं रस्ता मोकळा केला होता आणि फुकटातले इम्युलेटर येतच राहिले. तुमच्याकडच्या गेमची कॉपी हा वेगळा विषय, तो निकालात सुटलेला नाही हे लक्षात असू द्या.

डिस्क बदलणं वाटतं सोपं, पण खऱ्या मशीनमध्ये झाकणाखाली एक बटण असतं, झाकण उघडलं की मशीनला कळतं, आणि गेम त्याचीच वाट बघत असतो, उघडलं, बंद झालं, आता नवीन डिस्क वाचू. इम्युलेटरनं गुपचूप फाइल बदलली तर गेमला काही कळतच नाही, तो आपला डिस्क दोन घाला म्हणून बसून राहतो. त्यामुळे इम्युलेटरला न असलेलं झाकण उघडल्याचं नाटक करावं लागतं. तेच फाइलींचं, कंप्युटरवर डिस्कची कॉपी म्हणजे बिन आणि क्यू अशी जोडी, बिन म्हणजे डिस्कवरचा मजकूर आणि क्यू म्हणजे कुठला ट्रॅक कुठून सुरू ते सांगणारी छोटी टेक्स्ट फाइल, ती चुकली की गेम चालतो पण गाणी गायब. सोनीनं स्वतः पीएसपीवर (हातात धरून खेळायच्या मशीनवर) जुने गेम विकले तेव्हा सगळ्या डिस्क एकाच पीबीपी फाइलमध्ये घातल्या. आता लोक सीएचडी वापरतात, तो प्रकार मूळ आर्केड मशीनच्या इम्युलेटरवाल्यांचा, एका डिस्कची एक आटोपशीर फाइल. आणि सगळ्यांच्या वर एम३यू, एका ओळीत एका डिस्कच्या फाइलचं नाव, तीन डिस्क तीन ओळी, इम्युलेटरला डिस्क न देता ही यादी द्यायची.

ही यादी मी केली नव्हती. फायनल फँटसी सेव्हनची पहिली डिस्क संपली (कुठल्या प्रसंगानंतर संपते ते ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये, तिथे मी आधीच हळवा झालेलो), सेव्ह केलं, बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी लिस्टमधनं डिस्क दोन वेगळा गेम असल्यासारखी उघडली. कंटिन्यू दाबलं तर मेमरी कार्ड (ज्यात खेळ सेव्ह होतो ते) रिकामं. तीसेक तास गेले असं वाटून पोटात गोळाच आला. झालं होतं एवढंच की प्रत्येक डिस्कला स्वतःचा वेगळा नंबर असतो आणि सेटिंगमध्ये मीच प्रत्येक गेमला वेगळं कार्ड ठेवलेलं, त्यामुळे नवीन नंबर दिसल्यावर इम्युलेटरनं नवीन कोरं कार्ड काढून दिलं. फोल्डर उघडला तर शेजारी शेजारी दोन फाइली, दोन्ही बरोब्बर १२८ केबीच्या, खऱ्या कार्डाएवढ्याच. जुनीची कॉपी करून तिला नवीचं नाव दिलं, परत चालू केलं, आणि पंधरा ब्लॉकपैकी पहिल्यात माझा सेव्ह होता, बाकी चौदा रिकामे.