शर्ली चिझम ‘पहिल्या महिला उमेदवार’ नव्हत्या

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला शर्ली चिझम, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. व्हिक्टोरिया वुडहल त्यांच्या शंभर वर्षं आधी, १८७२ मध्ये उभ्या होत्या. चिझम १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक या मोठ्या पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांना १५२ मतं मिळाली.

या चुकीच्या ‘पहिलेपणा’त खरी बाई झाकली जाते, याचं मला वाईट वाटतं. चिझम मूळच्या बालवाडीच्या शिक्षिका, मग पाळणाघराच्या संचालिका. १९६८ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिलाही त्याच. वर्णभेदाचे पुरस्कर्ते, प्रतिस्पर्धी जॉर्ज वॉलेस गोळ्या लागून रुग्णालयात पडले, तेव्हा त्या भेटायला गेल्या. चिझम यांचे समर्थक भडकले. पुढे घरकामगारांच्या किमान वेतनासाठी वॉलेस यांनीच दक्षिणेतल्या खासदारांची मतं वळवायला मदत केली.