‘एकदा तारण, कायमचं तारण’ आणि ‘संतांचं टिकून राहणं’: एकसारख्या वाटणाऱ्या दोन शिकवणी

दृढीकरण (मोठेपणी चर्चपुढे विश्वास जाहीर करायचा विधी) झालेला, तरुण संघात गिटार वाजवणारा मुलगा नोकरीला लागतो, चर्चला यायचा बंद होतो आणि एक दिवस घरात सांगून टाकतो की माझा यातल्या कशावरच विश्वास उरलेला नाही. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत अशा मुलाचा विषय घरगुती प्रार्थनासभेनंतर, पोहे-चहाच्या वेळी हमखास निघतो. मावशी म्हणते, “त्यानं प्रभूला स्वीकारलं होतं ना? मग झालं. तारण कुठं जातंय?” काका बशीतली शेव बोटानं गोळा करत म्हणतात, “तारण जात नाही हे खरंच. पण त्याचं झालं होतं कशावरून?”

दोघांनाही वाटतं आपण एकच बोलतोय. तारण, म्हणजे येशूवरच्या विश्वासानं मिळालेली पापातून सुटका, गमावता येत नाही, यावर दोघांचं एकमत आहे, आणि बायबलमधली वचनंही तीच काढतात: योहान 10:28, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही, रोमकरांस 8 चा शेवट. तरीही शिकवणी दोन आहेत.

काकांची, ‘संतांचं टिकून राहणं’ (संत म्हणजे इथे खरे विश्वासणारे), ही जुनी. हॉलंडमधल्या डॉर्ट गावी 1618-19 मध्ये भरलेल्या धर्मसभेत ती नीट मांडली गेली आणि 1640 च्या दशकात वेस्टमिन्स्टरच्या विश्वासनाम्यात, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळींच्या श्रद्धेच्या मांडणीत, सतराव्या अध्यायात आली. इंदुरात 1877 पासून काम केलेलं कॅनडियन मिशन प्रेस्बिटेरियन होतं, त्यामुळे ही शिकवण इथल्या जुन्या कुटुंबांत मुरलेली आहे, नाव माहीत नसलं तरी. तिचं म्हणणं असं: ज्याला देवानं खरोखर नवा जन्म दिला, त्याचा विश्वास देव मरू देत नाही. म्हणून तो शेवटपर्यंत टिकतो. कायमचा निघून गेला, तर 1 योहान 2:19 लावायचं: ते आपले नव्हतेच, असते तर राहिले असते.

मावशीची शिकवण, ‘एकदा तारण, कायमचं तारण’, विसाव्या शतकात अमेरिकन बाप्टिस्ट आणि बायबल-चर्च मंडळींतून फोफावली, आणि आता मोबाइलवरच्या प्रवचनांतून घरोघर पोचते. तिच्या टोकाच्या रूपात विश्वासाचा एक क्षण पुरेसा असतो. नंतर माणसानं विश्वासच टाकून दिला तरी तारण शाबूत. गमावतो ते फक्त प्रतिफळ, म्हणजे स्वर्गात मिळणारं बक्षीस. आधार 1 करिंथ 3:15, काम जळून जाईल पण माणूस वाचेल. (तिथे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल मंडळी बांधणाऱ्या कामकऱ्यांबद्दल बोलतोय, विश्वास सोडणाऱ्यांबद्दल नाही, हा आधार मला तरी लंगडा वाटतो.)

थोडक्यात, काकांचा देव विश्वास जिवंत ठेवून माणसाला राखतो. मावशीचा देव विश्वास मेला तरी राखतो.

पण काकाही अर्धंच सांगतात. डॉर्टच्या सभेनं बायबलमधले राजा दावीद आणि येशूचा शिष्य पेत्र यांची नावं घेऊन म्हटलंय की खरे विश्वासणारे भयंकर पडू शकतात. वेस्टमिन्स्टर तर म्हणतं की काही काळ त्या पापात राहूही शकतात. मग दोन-चार वर्षं चर्चला न आलेल्या पोराबद्दल “त्याचं झालंच नव्हतं” असा निकाल चहाच्या कपावर कसा लावता येईल? पेत्रानं येशूला ओळखतच नाही म्हणून नाकारलं त्या रात्री अंगणात कोणी विचारलं असतं, तर काकांनी त्याचंही नाव खोडलं असतं.

आता बायबलमधला एक कडक इशारा, इब्री 6:4-6. पवित्र आत्म्याचे भागीदार झाल्यावर जे पतित झाले, त्यांना पश्चात्तापाकडे पुन्हा आणणं अशक्य. मावशी हे प्रतिफळाच्या खात्यात टाकते. काकांचे लोक बहुधा म्हणतात, हे वरवर भागीदार झालेल्यांबद्दल आहे. पण तारण जाणारच नसेल तर असे इशारे कशाला, याचं काकांच्या बाजूचं सगळ्यात चांगलं उत्तर मला प्रेषितांची कृत्ये 27 मध्ये सापडतं. जहाज वादळात, आत 276 माणसं. देवदूतानं पौलाला शब्द दिलाय की एकही जीव जाणार नाही. चौदाव्या रात्री खलाशी नांगर टाकायचं निमित्त करून होडी खाली सोडतात, पळून जायला. आणि तोच पौल शताधिपतीला म्हणतो, हे लोक जहाजात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात, आणि सगळे किनाऱ्याला लागतात. वचन पक्कं होतं, तरी इशारा लुटुपुटूचा नव्हता. वचन पुरं झालं ते इशारा ऐकला गेला म्हणून.

बडोद्याच्या आत्याला हे पटत नाही. ती मेथडिस्ट, आणि त्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली यानं 1751 मध्येच लिहून ठेवलं होतं की खरा विश्वासणाराही पडून नाश पावू शकतो. तिच्या हिशेबी पोराचं तारण खरं होतं आणि आता ते धोक्यात आहे. गंमत म्हणजे ज्या आर्मिनियन लोकांविरुद्ध (आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांविरुद्ध) डॉर्टची सभा भरली, त्यांनी 1610 च्या निवेदनात या मुद्द्यावर निर्णय दिलाच नव्हता. शास्त्रातून आणखी तपासायला हवं, एवढंच म्हटलं होतं. पुढे ते ठामपणे वेस्लीच्या बाजूचं बोलू लागले. कॅथलिकांचं गणित निराळं: प्राणघातक पापानं कृपा जाते, पापनिवेदनानं परत मिळते.

त्या मुलाशी बोलायची वेळ आली की जोड्या बदलतात. कागदावर भांडणारे काका आणि आत्या दोघंही त्याला एकच सांगतील: परत फिर, हे गंभीर आहे. कागदावर काकांच्या बाजूची मावशी मात्र त्याला निर्धास्त करून घरी पाठवेल. मला ती दया वाटत नाही.

मावशीचा एक प्रश्न मात्र काकांना अडवतो: टिकला तोच खरा, तर आज मला माझंच कसं कळायचं? वेस्टमिन्स्टरचा अठरावा अध्याय याच प्रश्नाला हात घालतो. आपलं तारण झालंय ही खात्री म्हणजेच विश्वास नव्हे, असं तो म्हणतो. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळायला बराच काळ झगडावं लागू शकतं आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते. त्यासाठी कुठल्या खास दर्शनाची गरज नाही, नेहमीची साधनं (वचन, प्रार्थना, प्रभुभोजन) नीट वापरली की ती येऊ शकते, आणि ती मिळवायची खटपट करणं प्रत्येकाचं कर्तव्यच आहे.