घोणशीचे विष, पालीची शेपटी आणि न भरणारी जखम

सर्पदंशाचा रुग्ण आला की सरकारी दवाखान्यात आजही एक अगदी साधी चाचणी करतात. शिरेतून २ मिलिलीटर रक्त काढायचे, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचे आणि २० मिनिटे नळीला हात लावायचा नाही. मग नळी तिरकी करायची. गाठ जागच्या जागी राहिली तर बरे. रक्त पाण्यासारखे ओघळले, तर विषाने गोठण्याची यंत्रणाच मोडली आहे असे समजायचे. माझ्या आत्याला बडोद्याजवळच्या सावली गावाकडच्या शेतात घोणस चावली, तेव्हा मी त्या नळीवर डोळे लावून बसले होते. रक्त ओघळले. प्रतिविष चढवले, आत्या वाचली. पायावरची जखम भरायला मात्र सात महिने लागले.

त्या सात महिन्यांत मी सर्पविषाच्या संशोधनाबद्दल हाताला लागेल ते वाचत गेले. ‘सापाच्या विषापासून जखमेवर औषध’ अशी बातमी अधूनमधून येते आणि वाचणाऱ्याला वाटते की हे कालच कुणाला तरी सुचले. ही वाट दोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्या काही पाऊलखुणा आपल्या बडोद्यातही आहेत.

सुरुवातीची शंभर वर्षे वर्णनातच गेली. अठराव्या शतकात फेलिचे फोंताना या इटालियन शास्त्रज्ञाने तिथल्या व्हायपर सापाच्या विषावर हजारो प्रयोग केले. १७९६ साली पॅट्रिक रसेल या ईस्ट इंडिया कंपनीच्या निसर्गतज्ज्ञाने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा ग्रंथ काढला. घोणशीला इंग्रजीत त्याचेच नाव चिकटले. आपल्या भागातले गुजराती शेतकरी तिला खडचितळो म्हणतात. १८४३ मध्ये लुसियन बोनापार्ट याने विषातला मारक भाग प्रथिनांच्या जातीचा असल्याचे दाखवले. पुढच्या सगळ्या कामाचे बीज त्यात होते, कारण प्रथिन वेगळे काढता येते, मोजता येते आणि त्याच्याविरुद्ध शरीराला तयार करता येते.

ते तयार करण्याची गोष्ट पुरापासून सुरू होते. १८९१ साली दक्षिण व्हिएतनाममधल्या एका गावात पावसाच्या पाण्याने नाग घरांत शिरले. चाळीस माणसांना दंश झाले, चार दगावली. एका स्थानिक माणसाने पकडलेले एकोणीस नाग पिंपात घालून आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरकडे पाठवण्यात आले. विश्वामित्री नदी चढली की साप आणि मगरी अंगणापर्यंत येतात हे आपण २०१९ मध्ये पाहिले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पाहिले, त्यामुळे बडोदेकराला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. काल्मेतने त्या नागांच्या विषावर काम सुरू केले आणि १८९४-९५ पर्यंत प्राण्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार केले. घोड्याला विषाची मात्रा थोडी थोडी वाढवत द्यायची आणि त्याच्या रक्तात तयार झालेली, विषाला निकामी करणारी प्रतिपिंडे काढून घ्यायची, ही पद्धत मूळ रूपात आजही चालू आहे.

काल्मेतची एक समजूत चुकीची निघाली. नागाविरुद्धचे प्रतिविष सगळ्याच सापांवर चालेल असे त्याला वाटत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या परळमधल्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लॅम्बने दाखवले की नागाचे प्रतिविष घोणशीच्या विषापुढे टिकत नाही. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझिल याने तिथल्या सापांबाबत हेच सिद्ध केले. म्हणून आपल्याकडच्या प्रतिविषात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष वापरतात. ते विष प्रामुख्याने तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सापाच्या कातड्याचा धंदा बंद पडला आणि पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणाऱ्या या लोकांचे पोट गेले. १९७८ साली त्यांनी विष काढून देणारी संस्था उभी केली. प्रयोगशाळेच्या इतिहासात त्यांचे नाव काल्मेतच्या बरोबरीने यायला हवे असे माझे मत आहे.

आता घोणशीच्या विषातल्या त्या कोड्याकडे येते. हे विष खूप पातळ करून त्याचा थेंब नळीतल्या रक्तात टाकला, तर रक्त काही सेकंदांत गोठते. मग दंश झालेल्या माणसाचे रक्त पाण्यासारखे का होते? या विषातले एक एन्झाइम गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला एकदम जागे करते. शरीरात हे एकाच वेळी सगळीकडे घडते, बारीक बारीक गुठळ्या होतात आणि विरघळतात, आणि त्यात गाठ विणणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन संपून जाते. वर्षाचा शिधा एका जेवणावळीत उडावा तसे. नंतर खरोखर जखम झाली, तर गोठायला रक्तात काही उरलेलेच नसते.

१९३४ साली लंडनमध्ये आर. जी. मॅकफार्लेन आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयातले बर्जेस बार्नेट यांनी या स्वभावाचा उलटा उपयोग केला. त्यांनी वेगवेगळ्या सापांची विषे हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराच्या, रुग्णांच्या रक्तावर तपासली. घोणशीचे सर्वांत प्रभावी ठरले. मग त्याचे अतिशय पातळ द्रावण हिमोफिलियाच्या रुग्णाच्या दाताच्या खळीत लावून पाहिले आणि न थांबणारे रक्त थांबले. जखमेवर विष लावून माणूस बरा करण्याचा आधुनिक काळातला हा पहिला ठोस टप्पा. पुढे ते औषध म्हणून विकलेही गेले. याच मॅकफार्लेनने १९६४ मध्ये रक्त गोठण्याची पायरीपायरीची साखळी मांडली. तिथपर्यंत पोहोचण्यात घोणशीचा वाटा आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीच्या रक्ततपासणीच्या कागदावर ‘डीआरव्हीव्हीटी’ असे लिहिलेले असते. त्यातले ‘आरव्हीव्ही’ म्हणजे रसेल्स व्हायपर व्हेनम, आपल्या घोणशीचेच विष, तेही आजच्या तारखेला वापरात असलेले.

दाढ काढल्यावर रक्त थांबेना तर आपल्याकडचे दंतवैद्य कधी कधी बोट्रोपेस वापरतात. ते दक्षिण अमेरिकेतल्या बोथ्रॉप्स सापांच्या विषापासून येते. याच कुळातल्या जराराका सापाच्या विषावर काम करताना १९४८-४९ मध्ये ब्राझीलच्या मौरिसिओ रोशा ए सिल्व्हा आणि सहकाऱ्यांना रक्तवाहिन्या सैल करणारे ब्रॅडिकायनिन सापडले. १९६० च्या दशकात सर्जिओ फरेरा यांनी त्याच विषातून ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारी पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारखे छोटे रेणू, वेगळी केली, आणि त्यांच्या आधारे अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ऑन्डेटी यांनी कॅप्टोप्रिल बनवले. १९८१ मध्ये ते बाजारात आले आणि रक्तदाबाच्या औषधांचे एक घराणेच सुरू झाले. बडोद्याच्या जुन्या लोकांना स्क्विब हे नाव परके नाही. १९४३ मध्ये इथे सुरू झालेल्या साराभाई केमिकल्सचा पुढे याच कंपनीशी करार होता. आमच्या चाळीतले निम्मे पुरुष ‘साराभाईत’ कामाला होते. सापाच्या विषातून निघालेल्या औषधाशी त्या नावाचा संबंध आहे हे त्यांच्यापैकी कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

जखम भरण्याच्या बाजूने पाहिले, तर सर्वांत विलक्षण योगायोग १९५६ च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुइसला घडला. रीटा लेव्ही-मोन्टाल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन मज्जातंतू वाढवणारा एक घटक शोधत होते. त्यांच्या अर्कातले न्यूक्लिइक आम्ल तोडायला एक एन्झाइम हवे होते, आणि ते सापाच्या विषात भरपूर असते म्हणून त्यांनी विष मिसळले. वाढ थांबण्याऐवजी कितीतरी जास्त झाली, कारण तो घटक विषातच ठासून भरलेला होता. विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथीच, म्हणून कोहेनने उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या. त्यांचा अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडू लागले. दुसरा कुणी हे ‘दुष्परिणाम’ म्हणून सोडून देता. कोहेनने पाठपुरावा केला आणि त्वचेच्या पेशी वाढवणारा ईजीएफ हा घटक मिळाला. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले. आज भारतात मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी ईजीएफचे जेल मिळते. आत्याच्या पायाला तेच लावत होतो. सापाने केलेल्या जखमेवरच्या औषधाचा माग सापाच्या विषापर्यंत जातो, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होते!

बडोद्यात या विषयाची जमीन रसायनशास्त्राने तयार केली. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, कलाभवन सुरू झाले. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह होता. कापड, रंग, रसायने असे विषय तिथे शिकवले जात. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या तिघांनी १९०७ मध्ये अलेम्बिकची सुरुवात केली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी वैद्यकीय महाविद्यालयही. कलाभवनाची वास्तू आज विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र शाखेकडे आहे.

माझ्या मते मात्र या विषयात बडोद्याचे खरे देणे पालीचे आहे. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला जे. सी. जॉर्ज यांनी नाव मिळवून दिले ते पक्ष्यांच्या उडण्याच्या स्नायूंवरच्या कामाने. पुढे १९६० च्या दशकापासून तिथे आपल्या भिंतीवरच्या साध्या पालीच्या शेपटीवर काम सुरू झाले, आणि ते पिढ्या बदलल्या तरी चालत राहिले. पालीची शेपटी तुटते तेव्हा रक्त फारसे जात नाही. जखमेवर पेशींचा पातळ थर चढतो, त्याखाली वाढीच्या पेशींचा कोंब तयार होतो आणि काही आठवड्यांत नवी शेपटी येते. नव्या शेपटीत मणके नसतात, त्यांच्या जागी कूर्चेची नळी असते. पण बुंध्याशी व्रण राहत नाही. माणसाची कातडी व्रणाने जखम बुजवते, पाल ती नव्याने घडवते. इथल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. सूज कमी करणाऱ्या गोळ्या ज्या सीओएक्स-२ एन्झाइमला रोखतात, ते रोखले की शेपटीची वाढ मंदावते. म्हणजे सुरुवातीची मोजकी सूज ही भरून येण्याच्या कामाचाच भाग आहे. भारी यंत्रांची वाट न पाहता, घरोघरी दिसणाऱ्या आणि आपण झाडूने हाकलतो त्या जिवाकडे पाहून हे कळले, याचा मला फार अभिमान वाटतो.

जखमेवर लावायच्या पदार्थांचे शास्त्र तसे तरुण आहे. जखम कोरडी ठेवावी, खपली धरू द्यावी हा समज १९६२ मध्ये जॉर्ज विंटरने मोडला. डुकरांच्या जखमांवर प्लास्टिकचा पातळ पडदा ठेवून ओल टिकवली, तर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने चढते असे त्याने दाखवले. त्याच सुमारास, १९६० मध्ये, चेकोस्लोव्हाकियात विख्टरले आणि लिम यांनी पाणी धरून ठेवणारे हायड्रोजेल मांडले होते. दोन्ही धागे जुळले आणि जेलच्या पट्ट्या आल्या. मग या जेलमध्ये विषातले प्रथिन भरण्याची कल्पना पुढे आली. त्यासाठी निवडले गेले ते बोथ्रॉप्सच्या विषातले बॅट्रॉक्सोबिन. ते फायब्रिनोजेन तोडून फायब्रिनचे जाळे करते आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिन या औषधाने अडत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला हेपरिन दिलेले असते, तिथे रक्त थांबवणारी नेहमीची साधने कमी पडतात. म्हणून या गुणाला मोल आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात बॅट्रॉक्सोबिन धरून ठेवणारे पेप्टाइडांचे जेल तयार झाले. २०२१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बदललेल्या जिलेटिनमध्ये तसेच प्रथिन मिसळून, साध्या उजेडात घट्ट होणारा डिंक प्राण्यांच्या जखमांवर वापरून दाखवला.

हे सगळे वाचताना एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. विषाने जगाला रक्तदाबाची गोळी दिली, रक्ताच्या चाचण्या दिल्या, शस्त्रक्रियेतला डिंक दिला. ज्याच्या पायाला साप चावतो त्याच्या पायाला काय मिळाले? भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. वाचलेल्यांतल्या अनेकांच्या वाट्याला काळा पडलेला पाय, कातडी लावण्याची शस्त्रक्रिया, कधी कापलेले बोट येते. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत पुन्हा घेतले ते २०१७ मध्ये, आणि भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा आला तो २०२४ च्या मार्चमध्ये. मृत्यू आणि अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे त्यात ठरले आहे.

चावलेल्या जागेची अडचण रसायनाची आहे आणि वेळेचीही. प्रतिविषातली प्रतिपिंडे मोठी असतात आणि रक्तातून फिरतात. विषातली मांस तोडणारी एन्झाइमे मात्र दंशानंतर थोड्याच वेळात आसपासचे ऊतक धरून बसतात. तिथवर प्रतिविष उशिरा आणि अपुरे पोहोचते. म्हणून आता लहान रेणूंचा शोध चालू आहे. वॅरेस्प्लाडिब हे मुळात दुसऱ्याच आजारासाठी बनवलेले औषध. ते विषातल्या, पेशींचे आवरण फोडणाऱ्या फॉस्फोलायपेज या एन्झाइमला अडवते आणि तोंडावाटे देता येते. त्याची चाचणी भारत आणि अमेरिकेतल्या सर्पदंशाच्या रुग्णांवर झाली आहे. २०२४ मध्ये आणखी एक निकाल आला. थुंकणाऱ्या आफ्रिकी नागांच्या विषाने उंदरांच्या कातडीचा होणारा नाश हेपरिनच्या जातीच्या औषधाने बराच कमी झाला. हेपरिन स्वस्त आहे आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात आधीच ठेवलेले असते. पण रक्त आधीच पातळ करणाऱ्या घोणशीच्या दंशात ते वापरण्यात मोठा धोका आहे, त्यामुळे नागासाठी जे सापडले ते आत्याच्या पायाला लागू पडत नाही. घोणशीचे विष ऊतक फाडते ते बऱ्याच अंशी धातू धरणाऱ्या एन्झाइमांच्या जोरावर, आणि त्यांना अडवणारे रेणू अजून माणसांच्या चाचण्यांच्या पहिल्या पायऱ्यांवर आहेत.