न्यू कॉलेजच्या ओकच्या तुळया : गोष्ट छान, पण खरी नाही

ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजची ही गोष्ट व्यवस्थापनाच्या भाषणांत हमखास येते. भोजनगृहाच्या छताच्या तुळया किड्यांनी पोखरल्या, तेव्हा कॉलेजच्या वनरक्षकाला विचारलं. तो म्हणाला, “वाटच बघत होतो!” इमारत बांधतानाच या तुळयांसाठी ओक लावले होते म्हणे, आणि पिढ्यानपिढ्या ‘हे तोडायचे नाहीत’ असा निरोप चालत आला.

कॉलेजची स्थापना १३७९ची. छत नवं झालं १८६०च्या दशकात, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली. लाकूड कॉलेजच्याच जंगलातलं होतं, एवढं खरं. पण बकिंगहॅमशायरमधली ही जंगलं कॉलेजकडे आली १४४१ मध्ये, म्हणजे भोजनगृह उभं राहून कितीतरी वर्षं झाल्यावर! मग तिथे स्थापनेच्या वेळी झाडं लावणार कोण?

तिथली रीत साधी होती. हेझल, अ‍ॅश यांसारखी झाडं साधारण वीस वर्षांनी बुंध्यापासून छाटायची, ती पुन्हा फुटतात. मधले काही ओक मात्र वाढू द्यायचे, कुठल्याही बांधकामासाठी. या एका छतासाठी राखून ठेवलेलं असं काहीच नव्हतं. (माझ्या मते, ही रोजची शिस्त त्या दंतकथेपेक्षा जास्त कौतुकाची आहे.)