सेल्समधला कॉन्फिडन्स: रोजच्या सवयींची गोष्ट सुरू कुठून झाली

सेल्सवाल्यांना आज जे सगळे सांगतात, की सकाळी दिवसाचं प्लॅनिंग कर, कॉलची नोंद ठेव, पिच म्हणजे ग्राहकासमोर मांडायचं बोलणं मोठ्याने बोलून बघ, मीटिंगला जायच्या आधी समोरच्या कंपनीबद्दल वाचून घे, ते काही गेल्या दहा-वीस वर्षांत कोणी शोधून काढलेलं नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या आहेत आणि त्या का सुरू झाल्या हे कळलं ना, की कुठली सवय धरायची आणि कुठली सोडली तरी चालेल हे आपलं आपल्यालाच समजतं.

आधी सगळ्यांचं ठाम मत असायचं की विक्रेता हा जन्मावाच लागतो. जीभ चालणारा, न लाजणारा माणूस म्हणजे सेल्समन, बाकीच्यांनी या वाटेला जायचंच नाही. या समजुतीला मोठा धक्का दिला जॉन पॅटरसनने. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन म्हणून गाव आहे, तिथे त्याने 1884 साली कॅश रजिस्टर बनवणारी कंपनी घेतली, तीच पुढे नॅशनल कॅश रजिस्टर. मशीन नवीन, दुकानदारांना ते नकोच असायचं, आणि सेल्समन दारातूनच परत यायचे. पण त्याचा मेहुणा जोसेफ क्रेन मात्र सातत्याने विकत होता, म्हणून पॅटरसनने त्याला विचारलं की बाबा तू नक्की बोलतोस काय, आणि तो जे बोलत होता ते 1887 मध्ये चक्क छापून काढलं आणि सगळ्यांना पाठ करायला लावलं. लोक चिडले, पोपटपंची काय करायची म्हणून. पण त्यात एक गोष्ट फार हुशारीची होती, विक्रीचे चार टप्पे पाडले होते, पहिली ओळख, मग प्रस्ताव, मग मशीन चालवून दाखवणं आणि शेवटी सौदा, त्यामुळे नवख्या माणसाला आत गेल्यावर पुढचं वाक्य काय हा प्रश्नच राहिला नाही. आणि अर्धी भीती तीच असते. पुढे 1890 च्या दशकात त्याने सेल्समनसाठी शाळाच काढली, म्हणजे आज आपण ज्याला रोल प्ले म्हणतो, एकाने ग्राहक बनायचं आणि दुसऱ्याने विकायचं, तसला सराव तेव्हापासून कंपन्यांमध्ये मुरायला लागला. थॉमस वॉटसन याच कंपनीत तयार झाला आणि नंतर पुढे आयबीएम झालेल्या कंपनीत गेला, तेव्हा ही शिस्तही त्याच्यासोबत गेली.

याच काळात दुसराही एक प्रवाह वाहत होता, स्वतःला सांगत राहण्याचा. फ्रान्सचा एमिल कुए हा औषधविक्रेता, तो लोकांना म्हणायचा की रोज स्वतःशी म्हणा, मी दिवसेंदिवस प्रत्येक बाबतीत सुधारतोय. 1920 च्या दशकात हे प्रचंड गाजलं, अमेरिकेतही पोचलं. आरशासमोर उभं राहून मी बेस्ट आहे म्हणायची जी सवय आहे ती याच वळणाची. मला स्वतःला हा प्रवाह कमजोर वाटतो, कारण पहिल्याच नकाराला ते वाक्य गळून पडतं, हातात धरायला काही उरत नाही.

हातात धरायला काहीतरी दिलं ते फ्रँक बेटगरने. हा आधी बेसबॉल खेळाडू, हाताला दुखापत झाली आणि खेळ संपला, मग फिलाडेल्फियात आयुर्विम्याचं काम धरलं आणि तिथे सुरुवातीला सपशेल फसला. हळूहळू त्याने प्रत्येक भेटीची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि बारा महिन्यांचा हिशोब लावला तेव्हा आकडे आले 1,849 कॉल, म्हणजे ग्राहकाच्या दारात जाणं, त्यातून 828 प्रत्यक्ष भेटी, 65 पॉलिसी आणि कमिशन 4,251 डॉलर. म्हणजे प्रत्येक कॉलचे साधारण 2.30 डॉलर, समोरचा भेटो न भेटो! नीट विचार केला तर यात केवढी ताकद आहे बघा, कारण आता नकार म्हणजे अपमान राहत नाही, नकाराचेही पैसे मिळालेलेच असतात. पुढे त्याने अजून खोदलं तर दिसलं की 70 टक्के विक्री पहिल्याच भेटीत होते, 23 टक्के दुसऱ्या भेटीत आणि उरलेली फक्त 7 टक्के त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये, आणि बेटगरचा अर्धा वेळ मात्र त्या 7 टक्क्यांमागे जात होता. त्या फेऱ्या त्याने बंद केल्या. आठवड्यातली एक सकाळ फक्त पुढच्या आठवड्याच्या तयारीला ठेवायची सवयही त्याचीच. शिवाय अठराव्या शतकातला अमेरिकन नेता बेंजामिन फ्रँकलिन याची पद्धत त्याने उचलली, फ्रँकलिन 13 गुणांची यादी करून एका आठवड्यात एकाच गुणावर लक्ष द्यायचा आणि चुकलं की वहीत काळा ठिपका मारायचा, बेटगरने तेच सेल्सच्या 13 विषयांना लावलं.

हे सगळं चालतं का, याचं उत्तर मानसशास्त्राने बरंच उशिरा दिलं. 1977 मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी मांडलं की आपल्याला हे जमेल हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, स्वतः करून आलेलं यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना बघणं, कोणीतरी दिलेला धीर आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था. यात सगळ्यात भक्कम पहिलं. म्हणून दिवसाची सुरुवात जमेल अशा कॉलने करणं, सीनियरसोबत मीटिंगला जाऊन बसणं, पुरेशी झोप घेणं, या साध्या वाटणाऱ्या सवयींना खरा आधार आहे. मग 1986 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि पीटर शुलमन यांनी विमा एजंटांचा अभ्यास केला, तर अपयशाचं कारण आशावादी पद्धतीने लावणाऱ्या वरच्या अर्ध्या एजंटांनी पहिल्या दोन वर्षांत खालच्या अर्ध्यांपेक्षा 37 टक्के जास्त विमा विकला होता. म्हणजे कॉल फसल्यावर मी बेकारच आहे म्हणायचं की आजची वेळ चुकली म्हणायचं, यावर पुढचा कॉल ठरतो, आणि हे शिकता येतं.

मध्येच एक फसवं वळणही आलं. 2010 मध्ये छाती काढून, हात पसरून उभं राहिलं की शरीरातले हार्मोन बदलतात असा एक अभ्यास आला आणि मीटिंगआधी बाथरूममध्ये जाऊन पोझ घ्यायची लाट आली, पण 2015 मध्ये 200 जणांवर तोच प्रयोग केला तर हार्मोनचा परिणाम दिसलाच नाही, फक्त लोकांना थोडं दमदार वाटलं. त्यापेक्षा संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांचं 2014 चं काम मला जास्त उपयोगी वाटतं, धडधड होतेय तर शांत हो म्हणण्याऐवजी मी एक्साइटेड आहे असं म्हटलेल्या लोकांनी भाषणासारखी कामं जास्त चांगली केली.

आणि 21 दिवसांत सवय लागते असं जे सर्रास सांगतात, तेही सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस आले, कोणाला 18 तर कोणाला अंदाजे 254, आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फार काही बिघडलं नाही. तेव्हा नवीन सेल्सवाल्याने तिसऱ्या आठवड्यात कॉलची वही लिहायचा कंटाळा आला म्हणून हे आपल्याला जमत नाही असं ठरवून टाकू नये, तिथे अजून बराच पल्ला बाकी असतो.