मेण आधी कुठं वितळतं? धातूंच्या क्रमवारीमागची पार्श्वभूमी

उन्हाळा आला की ठाण्यात, नवी मुंबईत एसीच्या दुकानात तोच वाद सुरू, कॉपर कॉइल घ्यायची की अ‍ॅल्युमिनियम. तांबं साधारण ४००, अ‍ॅल्युमिनियम २३७, लोखंड ८० आणि स्टेनलेस स्टील जेमतेम १५ (वॅट प्रति मीटर केल्विन) हे उष्णतावाहकतेचे, म्हणजे धातू उष्णता किती वाहून नेतो त्याचे आकडे आता मोबाइलवर कुणालाही मिळतात. पण ही क्रमवारी लावली कशी, हा भाग इंटरेस्टिंग आहे, आणि त्यात एक घोळ शाळेच्या लॅबमध्ये अजूनही चालू आहे.

तांबट मंडळींना तांबं लवकर तापतं हे कायमच माहीत होतं, ते सोडून देऊ. मोजून तुलना करायचा प्रयत्न १७८० च्या दशकातला. वेगवेगळ्या धातूंच्या सारख्या जाडीच्या तारांवर मेण चढवायचं, एक टोक गरम तेलात बुडवायचं आणि मेण कुठपर्यंत वितळतं ते बघायचं. आपल्याकडे मेणाने टाचण्या चिकटवून पट्ट्या तापवतात तो प्रयोग याचाच नातू, फक्त उतरताना मूळ मुद्दा गळाला. जुन्या प्रयोगात नीट वाट बघितली तर मेण एका जागी येऊन थांबतं, आणि त्या लांबीचा वर्ग उष्णतावाहकतेच्या प्रमाणात असतो. शाळेत मात्र आपण कुठली टाचणी आधी पडली ते बघतो.

या दोन गोष्टी एक नाहीत हो! पहिली लोकल ठाण्याहून वाशीला किती लवकर पोचली हे वेगळं आणि तासाला किती माणसं पोचली हे वेगळं. आधी पडलेली टाचणी उष्णता किती पटकन पसरली ते सांगते आणि त्यात धातू स्वतः तापायला किती उष्णता खातो हेही मिसळलेलं असतं. शिसं घ्या, त्याची वाहकता ३५ म्हणजे लोखंडाच्या निम्म्याहूनही कमी, पण तेवढ्याच आकाराचं शिसं तापायला उष्णताही निम्म्याहून कमी लागते, त्यामुळे पसरण्याचा वेग दोघांचा जवळपास सारखाच. शेजारी शेजारी पट्ट्या ठेवल्या तर सुरुवातीला दोघं बरोबरीत वाटतील, शेवटी मात्र लोखंडावरचं मेण साधारण दीडपट लांबपर्यंत वितळलेलं दिसेल. शाळेत हे कुणाच्या लक्षात येत नाही कारण तांबं, अ‍ॅल्युमिनियम, पितळ, लोखंड हा नेहमीचा सेट दोन्ही हिशोबांत त्याच क्रमाने लागतो. उत्तर बरोबर येतं म्हणून कारण कुणी तपासत नाही, माझ्या मते हीच खरी गडबड.

१८२२ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेचं गणित छापून आलं तेव्हा वाहकता आणि पसरण्याचा वेग या दोन राशी कागदावर वेगळ्या झाल्या. मग १८५३ मध्ये जर्मनीत दोघांनी दाखवलं की ठरावीक तापमानाला धातूची उष्णता वाहायची आणि वीज वाहायची ताकद यांचं गुणोत्तर बहुतेक धातूंत सारखंच येतं. म्हणून वीज वाहण्यातही चांदी पहिली, तांबं दुसरं, सोनं तिसरं. अ‍ॅल्युमिनियम १८८६ नंतर स्वस्त झालं, स्टेनलेस त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी आलं आणि तळाशीच बसलं.

गंमत म्हणजे १९६१ मध्ये अमेरिकेत जी पद्धत आली त्यात पातळ चकतीच्या एका बाजूवर प्रकाशाचा झटका देतात आणि मागची बाजू किती वेळात तापते ते मोजतात, म्हणजे परत वेगच! फक्त त्याला घनता आणि विशिष्ट उष्णतेने (एक किलो धातू एक अंशाने तापायला लागणारी उष्णता) गुणून मग वाहकता काढतात. शाळेत राहिलेला गुणाकार तो हाच.

एसीपुरतं बोलायचं तर नळीच्या तांब्यात बहुतेक वेळा थोडा फॉस्फरस असतो, त्यामुळे आकडा ४०० नाही, ३४० च्या आसपास येतो. शिवाय उष्णता अडते ती मुख्यतः हवेच्या बाजूला, आणि तिथल्या पातळ पात्या बहुतेक कॉपर कॉइलमध्येही अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात. खाडीच्या खाऱ्या हवेत हे दोन धातू जिथे चिकटलेले असतात तिथेच गंज धरतो, तेव्हा ऐरोली-वाशीकडे राहणाऱ्यांनी दुकानदाराला ४०० आणि २३७ विचारण्यापेक्षा कॉइलवर कोटिंग काय आहे आणि लीक झाली तर जागेवर रिपेअर होते का ते विचारावं.